"बाई, तात्पर्य लिहू का?" – आठवी ते दहावीची मुलं, त्यांची पुस्तकं आणि वर्गातला विचार

खडूफळा

मराठीत कुमारांसाठी पुस्तकंच नाहीत, ही तक्रार मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. अर्धी खरी आहे. पण जी आहेत त्यांचं आपण वर्गात काय करतो, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. गोष्ट संपली रे संपली की पेनं सरसावतात आणि मागच्या बाकावरून विचारणा होते, "बाई, तात्पर्य लिहू का?" या मुलांना गोष्ट कळत नाही असं अजिबात नाही. गोष्टीचं शेवटी एक वाक्य करून बाईंच्या हवाली करायचं असतं, हे त्यांना पहिलीपासून आपणच शिकवलंय.

आधी पुस्तकांबद्दल. सातवीपर्यंत फास्टर फेणे अजूनही चालतो. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकल दामटत येतो, 'ट्टॉक्' करतो आणि मुलं त्याच्यामागे धावतात. त्यानंतर एकदम दरी. घरी वाचनाची सवय असेल तर मुलं थेट 'मृत्युंजय'वर उडी मारतात, इंग्रजी जमत असेल तर तिकडच्या मालिकांकडे वळतात, आणि बाकीची वाचणंच सोडतात. मधल्या वयासाठी म्हणून आपण जी नावं घेतो ती पुस्तकं बहुतेक त्या वयाविषयी आहेत, त्या वयासाठी नाहीत. मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेलं बालपण. आपल्याला त्यात हुरहूर लागते. चौदा वर्षांच्या पोराला कशाची हुरहूर लागणार? ते वय त्याच्या अंगावर आत्ता चाललंय.

तरीही मी प्रकाश नारायण संतांचा लंपन वर्गात नेते, आणि नेते ते याच फटीसाठी. 'वनवास' (१९९४) या कथासंग्रहातला लंपन स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगतो, पण स्वतःला काय होतंय हे त्याला धड कळत नाही. मैत्रीण सुमी आली की काहीतरी म्याडसारखं होतं, एवढंच त्याला सांगता येतं. वर्गात खसखस पिकते. मग मी विचारते, "का हसलात?" सगळे गप्प. "लंपनला कळलेलं नाही असं तुम्हाला काय कळलंय? आणि ते कुठल्या ओळीवरून कळलं?" आता पानं उलटायला लागतात. ओळींच्या मधलं वाचणं म्हणतात ते हेच. त्यासाठी वेगळा धडा लागत नाही, आपल्याला कळलेलं ज्याला कळलेलं नाही असा निवेदक लागतो.

दुसरं उदाहरण 'श्यामची आई'. आमच्या नाशिकच्याच तुरुंगात साने गुरुजींनी १९३३ मध्ये लिहिलेलं. सगळ्यांना पाठ, म्हणून कुणीच नीट न वाचलेलं. त्यातला पोहण्याचा प्रसंग आठवा. श्याम विहिरीला भिऊन माळ्यावर लपतो, आई त्याला शोधून मारते, पोहायला धाडते. तो शिकतो, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिलाच भरून येतं. तात्पर्य काढायचं तर 'आईचे प्रेम कठोरही असते'. पाच गुण, पुढचा प्रश्न.

मी नववीत फक्त एवढंच म्हटलं, "या प्रसंगाबद्दल सांगा." एक मुलगा म्हणाला, मारायला नको होतं, भीती मारून जात नाही. दुसरा म्हणाला, पण गेली ना! तिसरीने दोघांनाही थांबवलं, "गेली असं श्याम म्हणतोय. मोठा झालेला श्याम." तिथून तास फिरला. ही गोष्ट कोण सांगतंय? आश्रमात मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगणारा मोठा माणूस. आई आता नाही. त्याने तिला माफ केलंय, किंवा माफ करण्यासारखं काही होतं असं त्याला वाटतच नाही. मग घरचा अभ्यास मुलांनीच ठरवला: विहिरीवरून आल्यावर त्याच रात्री छोट्या श्यामने रोजनिशी लिहिली असती तर? अर्ध्या वह्यांत राग होता. काहींत राग आणि ऐट दोन्ही, एकाच पानावर. एकीने लिहिलं, 'आज मला पोहता आलं हे आईला सांगणार नाही.' या ओळीपुढे माझ्या हातून कसलाही शेरा लिहवला नाही.

माझ्या कामी आलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते, पद्धत वगैरे म्हणायचं धाडस नाही.

एडन चेंबर्स नावाचे इंग्लंडमधले शिक्षक, स्वतः कुमारांसाठी कादंबऱ्या लिहिणारे. पुस्तकावर बोलताना ते 'का?' हा प्रश्न टाळायला सांगतात. 'का आवडलं?' म्हटलं की मूल आरोपीच्या पिंजऱ्यात जातं. त्याऐवजी 'सांग ना'. काय आवडलं, काय नाही आवडलं, कुठे कोडं पडलं, कशाशी काय जुळतंय. यातला तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण ज्याला समजलेलं नाही त्याच्याकडेही सांगायला काहीतरी असतं.

दुसरी गोष्ट, मोठ्याने विचार करणं. मी वाचता वाचता थांबते आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलते: "हा माणूस आत्ता खोटं बोलला का? थांब, मागच्या पानावर काय म्हणाला होता?" मुलांना वाटतं, बाईंना सगळं एका वाचनात कळतं. मागे जावं लागतं हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं, की शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद! करून बघा. वर्गासमोर ते केवढे लांब वाटतात ते कळेल.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी असले तर आधी लिहा.

शंकेखोर

लेख आवडला, आता विरोधी मत. दहावीची मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, ८० गुणांची. त्यात आकलन, व्याकरण, उपयोजित लेखन. तुमची 'छोट्या श्यामची रोजनिशी' तिथे कुठे बसते? पालक म्हणून सांगतो, शाळेतून अशी वही घरी आली की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, हे परीक्षेला आहे का?

खडूफळा

@शंकेखोर, बसते, 'स्वमत' या नावाने. प्रश्नोत्तरांची घोकंपट्टी थांबावी, मुलांनी स्वतःचं काही म्हणावं, म्हणून कृतिपत्रिका आली. मग बाजारात तयार स्वमताची गाइडं आली. एका वर्गातल्या निम्म्या मुलांचं 'माझं मत' शब्दशः एकच निघतं, स्वल्पविरामासकट. ज्याने वर्षभर कोडी मांडली आहेत त्याला परीक्षेत आठ ओळी स्वतःच्या लिहिता येतात. उलट होताना मी पाहिलेलं नाही.

कॅरेटवाला

मी शिक्षक नाही, शेतकरी. पिंपळगाव बसवंतच्या बाजाराला टोमॅटो घालतो. पण या धाग्यावर लिहायचं कारण आहे.

आम्हाला दहावीला भास्कर चंदनशिवांचा 'लाल चिखल' हा धडा होता. टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून बाप भर बाजारात टोमॅटो पायाने तुडवतो आणि शाळकरी पोरगा बघत राहतो. आमच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं: 'शेतकऱ्याची व्यथा लेखकाने प्रभावीपणे मांडली आहे.' आम्ही उतरवून घेतलं. वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या घरी त्या आठवड्यात टोमॅटोची तोडणी चालू होती. सरांनी एकालाही विचारलं नाही.

विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं, की बाप नुसता रागाने तुडवत नाही. माल परत न्यायचा तर परत भाडं, आणि घरी नेऊन करायचं काय? आज वीस किलोच्या कॅरेटला तोडणी, हमाली, भाडं धरून काय पडतं ते आमच्या सातवीतल्या पोरीलाही तोंडपाठ आहे. धड्यात जे लिहिलेलं नव्हतं ते आमच्याकडे होतं.

खडूफळा

@कॅरेटवाला, दादा, हा प्रतिसाद मी शिक्षकखोलीत वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या. आपण 'पूर्वज्ञान जागृत करणे' असं पाठ टाचणात लिहितो आणि समोर बसलेलं ज्ञान ओलांडून फळ्याकडे जातो.

कॅरेटवाला

वाचा की. फक्त सरांचं नाव विचारू नका, ते चांगले होते. :)

मावळतीची_आई

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत एका उत्साही शिक्षकांनी मिलिंद बोकीलांची 'शाळा' ही कादंबरी वाचायला सांगितली. मी स्वतः ती २००४ साली आली तेव्हा वाचली होती, आवडलीही होती. पण त्यातली मुलांची भाषा, शिव्या, शिरोडकरच्या मागे फिरणं हे सगळं वर्गात, मुलामुलींनी एकत्र बसून? मुलगी घरी येऊन म्हणाली, आई, मला तिथे बसवेना. हे वाचन लादणं नाही का?

तिसरा_बाक

मी त्या वयातून नुकताच बाहेर पडलोय (एफवायला आहे), म्हणून बोलतो. 'शाळा' मी नववीतच वाचली, मोठ्या भावाच्या कपाटातून काढून. कुणी 'वाच' म्हटलं असतं तर हातही लावला नसता. त्यात आणीबाणी आहे हे मला अकरावीत कळलं! नववीत मला त्यातला नायक मुकुंद जोशी काय करतो एवढ्याशीच मतलब होता. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मोठ्या माणसांचं काय चाललंय ते दिसलं आणि पुस्तकच बदललं.

अवांतर: १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. आमच्याकडे मैदानात रांगेत बसवून हातात पुस्तकं द्यायचे, फोटो काढायचे आणि पुस्तकं परत गोळा करायचे. माझ्या हातात एकदा सहकार कायद्याचं पुस्तक आलं होतं.

शंकेखोर

सहकार कायदा =))

खडूफळा

@मावळतीची_आई, ताई, तुमच्या मुलीची बाजू मला पटते. 'शाळा' मी वर्गात घेत नाही. भाषेपायी नव्हे, मुलं मधल्या सुट्टीत जे बोलतात त्यापुढे ती सौम्यच म्हणायची. काही पुस्तकं एकट्याने, शक्यतो चोरून वाचायची असतात. स्वतःच्या मनातली गोष्ट तीस जणांसमोर चर्चेला आली की पोरं एकतर फिदीफिदी करतात नाहीतर गोठतात. दोन्हींत विचार थांबतो. माझा साधा नियम: पात्राशी मुलांचं अंतर अगदीच नाहीसं झालं तर ते पुस्तक कपाटात ठेवायचं, कुलूप न लावता. श्याम किंवा लंपन जुन्या काळातले वाटतात हेच वर्गात उपयोगी पडतं. त्यांच्या आडून स्वतःबद्दल बोलता येतं.

@तिसरा_बाक, तुझ्या दोन वाचनांबद्दल वेगळा धागा काढ. खरंच.

मावळतीची_आई

पटलं. पण कुठलं पुस्तक एकट्याने वाचायचं हे शिक्षकाने ठरवणं हीसुद्धा निवडच झाली की.

खडूफळा

झालीच. त्या निवडीची जबाबदारी माझी.

सातपुडा_पायथा

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे. इथे प्रश्न आणखी वेगळा. मुलांच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. मराठी ही पुस्तकाची भाषा, साहेबाची भाषा. "गोष्ट कशी वाटली?" विचारलं की नववीचा मुलगा म्हणणार, "चांगली होती सर." बस. मला पहिल्या वर्षी वाटलं, मुलांना विचार करता येत नाही. आमच्याकडे बरेच शिक्षक बदली होईपर्यंत याच समजुतीत राहतात.

मग चर्चा पावरीत होऊ द्यायला लागलो. चार-चार जणांचे गट, मी मराठीत गोष्ट वाचून दाखवायची, त्यांनी आपसात पावरीत भांडायचं. होय, भांडणच. आवाज इतका की शेजारच्या वर्गाचे सर दार लावून घेतात. नंतर प्रत्येक गटातला एक जण मला मराठीत सांगतो आणि बाकीचे त्याला अडवतात, "तसं नाही, तिने असं म्हटलं होतं." त्या अडवण्यात मराठीही सुधारते आणि विचारही. लिहिणं सगळ्यात शेवटी.

तीन सेकंदांबद्दल: आमच्या मुलांना तीन पुरत नाहीत. घरच्या भाषेत विचार करायचा, मग तो मराठीत आणायचा. दहा तरी द्या.

खडूफळा

@सातपुडा_पायथा, सर, मूळ लेखात हा भाग यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. तुम्हाला स्वतःला पावरी किती कळते?

सातपुडा_पायथा

आता बऱ्यापैकी. सुरुवातीला कळत नव्हती ते एका परीने बरंच झालं. मुलं मला खूश करायला बोलत नव्हती.

मिशिगनचा_पाऊस

इथे अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते (इथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम). आमची मुलं तेरा-चौदा वर्षांची, इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या फस्त करणारी, पण मराठी वाचन दुसरीच्या पातळीचं. त्यांच्या हातात बाळबोध गोष्ट दिली की अपमान झाल्यासारखी बघतात. लंपन वाचणं तर दूरच. काय करावं?

आणि एक धोक्याची सूचना. इथल्या शाळांत 'हे वाचून तुला स्वतःचं काय आठवलं?' या प्रश्नाचा इतका अतिरेक आहे, की गोष्टीत कुत्रा मेला तर वर्गातले सगळे आपापल्या कुत्र्यांबद्दल सांगतात आणि गोष्टीतला कुत्रा तिथेच राहतो.

खडूफळा

@मिशिगनचा_पाऊस, कुत्र्याबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणून मी वहीच्या पानाचे दोन भाग करायला लावते. डावीकडे पुस्तकातलं एक वाक्य, जसंच्या तसं. उजवीकडे त्यावर मनात जे आलं ते. उजवीकडे हवं तिथे भटका, पण डावीकडचं वाक्य आधी. भटकून कुठून निघालो होतो ते दिसत राहतं.

तुमच्या मुलांसाठी माधुरी पुरंदऱ्यांचं 'चित्रवाचन' बघा. चित्रं घ्या आणि मजकुराच्या भाराशिवाय बोला. चित्रात काय दिसतंय आणि त्यावरून आपण काय धरून चाललोय, एवढे दोनच प्रश्न. चौदा वर्षांच्या मुलाला त्यात बाळबोध काही वाटत नाही, कारण उत्तर त्याच्या वयाचं असतं. त्यांचंच 'वाचू आनंदे' आहे, कुमार गटासाठी वेगळे भाग आहेत. चांगल्या लेखकांचे छोटे उतारे, सोबत चित्रं. एका रविवारी एक उतारा, एवढं झेपेल.

मिशिगनचा_पाऊस

'वाचू आनंदे' मंडळाच्या ग्रंथालयात आहे! कव्हर बघून लहान मुलांचं समजले होते. धन्यवाद.

पुस्तकपाल_अर्धवेळ

शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे, नावातच लिहिलंय. सगळे पुस्तक 'कसं शिकवावं' यावर बोलताय. कुठलं पुस्तक मुलं न सांगता नेतात ते मी सांगतो.

भुतं, रहस्य, जंगल. नेहमीच. भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मुलांना पुरस्काराशी देणंघेणं नाही, नाव वाचूनच नेतात. सलीम मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध' तसंच. मुली येऊन विचारतात, मुलीचं काही आहे का? म्हणजे जिच्यावर गोष्ट चालते अशी मुलगी. तिथे मी अडतो. ताम्हनकरांच्या गोट्याबरोबर त्यांची चिंगीही होती, पण ती फार जुनी झाली. संगीता बर्वेंची 'पियूची वही' देतो, पण ती पाचवी-सहावीला. चौदा-पंधराच्या मुलीला देण्यासारखं मराठीत पटकन हाताला लागत नाही. अनुवाद देतो.

'किशोर'चे जुने अंक, १९७१ पासूनचे, बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक दरवर्षी येतो. हे किती शिक्षकांना माहीत आहे?

आणि तास. वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असतो, पण सहामाहीच्या आधी गणिताचे सर तो मागून नेतात. कपाटाच्या किल्ल्या मात्र माझ्या नावावर, पुस्तक हरवलं तर वसुली माझ्याकडून. मग बरेच ग्रंथपाल कपाट उघडतच नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

शंकेखोर

हा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. वसुलीचं माहीत नव्हतं. आमच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हरवलेल्या पुस्तकांसाठी छोटा निधी ठेवता येईल का ते विचारतो. यावर्षी संघात मी आहेच, कुणी दुसरं उभं राहिलं नाही म्हणून.

तिसरा_बाक

@पुस्तकपाल, मुलींच्या पुस्तकांबद्दल: माझी बहीण 'तोत्तोचान'चा मराठी अनुवाद आठवीत वाचत होती. तोत्तोचान पहिलीतली आहे, तरी. तिला शाळा हवी होती तशी, म्हणाली. रेल्वेच्या डब्यात भरणारी.

पुस्तकपाल_अर्धवेळ

आमच्याकडची प्रत शिक्षकच नेतात आणि महिनोन्महिने परत करत नाहीत.

शंकेखोर

@खडूफळा, शेवटची शंका. त्या दोन भागांच्या वहीला गुण देता का?

खडूफळा

नाही. लाल पेनही लावत नाही. पेन्सिलीने एखादा प्रश्न लिहिते, उत्तर द्यायचं की नाही ते मुलांवर. काही जण पुढच्या पानावर मलाच प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं मला द्यावी लागतात.

शंकेखोर

मग वह्या तपासणीचं काय? वरिष्ठ येतात तेव्हा?

खडूफळा

प्रत्येक पानावर सही आणि तारीख बघतात. सही करते. तारीख मुलं घालतात.